गाडी पळते, खांदा धरतो

पुण्याहून सकाळी सातला निघालेली गाडी साडेदहाला वांद्र्याला पोहोचते. चालवणारा इंजिन बंद करतो, मागच्या सीटवरची लॅपटॉपची बॅग घ्यायला बसल्या जागेवरून हात मागे नेतो आणि खांद्यात कळ येते. घरी सांगताना दोष बॅगेला दिला जातो. रात्री मलम चोळले जाते, एखादी वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि दोन दिवसांनी तीच गाडी, तोच रस्ता. बॅग हे शेवटचे निमित्त असते. त्याआधीचे साडेतीन तास हा खांदा एकाच जागी अडकून राहिलेला असतो आणि दुखण्याची तयारी तिथेच झालेली असते.

आपल्या एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असते. ७० किलोच्या माणसाचा एक हात म्हणजे सुमारे साडेतीन किलो, दोन मिळून सात. चालताना हे वजन खाली लोंबत असते म्हणून जाणवत नाही. गाडीत मात्र दोन्ही हात पुढे धरावे लागतात. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर चालते, तीच हात लांब करून धरली की मिनिटभरात दंड थरथरतो. स्टिअरिंगचेही तसेच आहे. हाताचा थोडा भार चाक पेलते, पण कोपर अंगापासून जितके दूर जाईल तितका उरलेला भार खांद्याला आणि मानेला वाढत्या पटीत उचलावा लागतो.

त्यातून हा भार हलता नसतो. स्नायू आखडतो आणि सैल पडतो तेव्हा त्यातले रक्त पंपासारखे पुढे ढकलले जाते. एकाच स्थितीत ताणून धरलेल्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या मात्र दाबल्या जातात, प्राणवायू कमी मिळतो आणि थकवा साचतो. जर्मन संशोधक वॉल्टर रोमर्ट यांनी १९६० मध्ये असे मांडले होते, की स्नायूने आपल्या कमाल ताकदीच्या सुमारे १५ टक्क्यांच्या आत जोर लावला तर तो दीर्घकाळ तग धरतो. पुढच्या अभ्यासांनी ही मर्यादा फारच उदार ठरवली. तासन्‌तास चालणाऱ्या कामात त्याहून बराच कमी ताणही स्नायूला थकवतो.

गंमत अशी, की गाडी चालवणे सोपे झाल्याने हा त्रास गेला नाही. अ‍ॅम्बॅसिडर किंवा जुनी मारुती ८०० जागेवर वळवायची म्हणजे दंडाची मेहनत होती. पॉवर स्टिअरिंग १९५१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत प्रथम बाजारात आले आणि काही दशकांनी आपल्याकडच्या छोट्या गाड्यांतही रुळले. जोर कमी लागू लागला, तशी हालचालही कमी झाली. द्रुतगती मार्गाच्या ९४ किलोमीटरांत घाटाचा टप्पा सोडला तर चाक जेमतेम काही अंश इकडेतिकडे होते. खांद्यावर पूर्वी ओझे होते, आता एकाच जागी उभे राहण्याची शिक्षा आहे.

बशीतले लिंबू

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात ती वाटी इतकी उथळ असते, की बशीत लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिला टेकलेला असतो. तो जागेवर राहतो तो भोवतालच्या चार लहान स्नायूंच्या जोरावर. या चौकडीला रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या सर्वांत वरच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा दंडाचा गोळा आणि खांद्याचे हाडाचे छत यांच्यामधल्या अरुंद फटीतून जाते. खांद्याच्या टोकावर बोट ठेवले की जे कडक हाड लागते, तेच हे छत. फट आणखी अरुंद झाली की कंडरा घासते, सुजते आणि सुजल्यामुळे अजून घासते.

ही फट अरुंद कशाने होते, याचा एक प्रयोग घरच्या खुर्चीत करता येतो. पोक काढून बसा, हनुवटी पुढे येऊ द्या आणि एक हात बाजूने वर उचला. तो कानापर्यंत जाण्याआधीच अडतो. आता पाठ सरळ करून तोच हात पुन्हा उचला. तो सहज वर जातो. खांदा तोच, बदलली ती फक्त पाठ. कंबर खचली की पाठीचा वरचा भाग गोल होतो, पाठीवरची खांद्याची पंखासारखी हाडे पुढे सरकतात आणि छत खाली झुकते. म्हणून खांद्याचे दुखणे पुष्कळदा सीटच्या खालच्या अर्ध्या भागात सुरू होते. खांद्याला मलम आणि कमरेखाली खचलेली सीट हा जोड वर्षानुवर्षे चालू राहतो.

पाय सीट ठरवतात, हात पाठ ठरवतात

सीट नीट करण्याबाबत बहुतेकांची एक चूक असते. ती एकाच खटक्यात केली जाते. पाय पोहोचतील एवढी सीट पुढे-मागे सरकवली की काम झाले, असे वाटते. ड्रायव्हिंग स्कूलमध्येही यापेक्षा जास्त क्वचितच शिकवले जाते. पाय आणि हात यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो आणि त्याचा क्रमही ठरलेला आहे.

आधी नितंब सीटच्या अगदी मागच्या कोपऱ्यात टेकवायचे. मागे चार बोटांची पोकळी ठेवून बसले की पुढचे सगळे वाया जाते. सीट वर-खाली होत असेल तर खुबे गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर येतील अशी उचलायची. मग पुढे-मागे. क्लच तळाला दाबलेला असताना डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ऑटोमॅटिक गाडीत हीच कसोटी उजव्या पायाने ब्रेकवर घ्यायची. इथे पायांचे काम संपले. आता सीटच्या पाठीचा कोन. काटकोनापेक्षा जरा मागे, साधारण १०० ते ११० अंश. आरामखुर्चीसारखी पाठ मागे पाडून एका हाताने गाडी चालवणे रुबाबदार दिसते, पण त्यात हात ताणले जातात आणि रस्ता पाहण्यासाठी मान पुढे काढावी लागते.

कोन बरोबर आहे का, हे मनगट सांगते. दोन्ही खांदे मागे टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा. मनगट चाकाच्या वरच्या कडेवर विसावले पाहिजे. तिथे फक्त बोटे पोहोचत असतील किंवा पोहोचण्यासाठी खांदा सीटपासून सुटत असेल, तर तुम्ही चाकापासून लांब आहात. अशा वेळी सीट पुढे ओढायची नाही, कारण पायांचा हिशेब बिघडतो. सीटची पाठ एकेक खटका उभी करायची. उंच माणसांना हा उपाय विशेष लागू पडतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग फक्त वर-खाली होते. ते पुढे-मागे ओढण्याची सोय महागड्या मॉडेलांत मिळते. ती असेल तर जरूर वापरावी. ती असूनही विकत घेतल्यापासून चाक एकदाही न ओढलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

बुटक्या चालकांची, त्यातही स्त्रियांची, अडचण उलटी असते. क्लचला पाय पुरावा म्हणून सीट पुढे घ्यावी लागते आणि बॉनेटपलीकडचे दिसावे म्हणून त्या चाकावर ओणवतात. खांदे कानाला भिडलेले, कोपरे अंगाला चिकटलेली. यात दुखण्याबरोबर धोकाही आहे. २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे आणि ती उघडते ती डोळ्याचे पाते लवण्याआधी. छातीचे मधले हाड आणि चाकाचा मधला भाग यांच्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर हवे. सीटला उंची वाढवायची सोय नसेल तर घट्ट, न घसरणारी, मागे जाड आणि पुढे पातळ अशी गादी घ्यावी. घरातली मऊ उशी नको. जोराचा ब्रेक लागला की ती दबते, घसरते आणि सीटबेल्ट ओटीपोटावर चढतो.

चाकाची उंची अशी ठेवावी की हात खांद्याच्या पातळीखाली राहतील. पूर्वी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी चाक धरायला शिकवत. आता नऊ आणि तीन, किंवा त्याच्या जरा खाली, धरायला सांगतात. एअरबॅग उघडताना वरचे हात तोंडावर आपटू शकतात हे त्याचे मुख्य कारण. खांद्यालाही या बदलाचा फायदा झाला, कारण हात जितके खाली तितका मानेच्या बाजूच्या स्नायूंचा ताण कमी. कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला पंचा किंवा छोटा नॅपकिन ठेवला की पाठ आपोआप सरळ राहते. हेडरेस्टची वरची कड निदान कानाच्या वरच्या टोकापर्यंत यावी आणि डोक्यामागे फार अंतर नसावे. सीटबेल्ट उजव्या खांद्याच्या मध्यावरून जावा. तो मानेला घासत असेल तर त्याची वरची कडी खाली सरकवता येते का ते पाहावे.

आरसे सर्वांत शेवटी. ताठ बसून मधला आरसा लावला, की तो दिवसभर पहारेकरी होतो. तासाभराने मागची काच आरशात अर्धवट दिसू लागली तर आरसा हलवायची घाई करू नये. आरसा जागेवरच असतो, चालवणारा खाली घसरलेला असतो.

उजवा खांदा दुखतो की डावा, यावरूनही बरेच कळते. उजवे कोपर खिडकीच्या कडेवर टेकवून चालवणाऱ्यांचा उजवा खांदा बोलू लागतो. एसयूव्हीसारख्या गाड्यांत ही कड इतकी उंच असते, की कोपर तिथे ठेवले की खांदा वर आणि बाहेर ढकलला जातो. हा आराम वाटतो, पण त्याच अरुंद फटीवर तो दाब असतो. आपल्याकडे गिअर डाव्या हाताला. सिंहगड रस्त्यावर किंवा सायनला संध्याकाळी अडकलेल्या गाडीत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असा खेळ शेकडो वेळा होतो. गिअर बदलून झाल्यावर डावा हात त्याच दांड्यावर ठेवून देण्याची सवय खांद्याला एका बाजूला झुकवून ठेवते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असे. त्या चालकांच्या तक्रारी वेगळ्या असतील, पण हात निदान पुढेच राहत होते.

मागच्या सीटवरची वस्तू बसल्या जागेवरून ओढणे तर खांद्याचा सर्वांत वाईट वापर. हात मागे, बाहेर वळलेला, लांब ताणलेला आणि त्याच्या टोकाला चार किलोची बॅग. रोटेटर कफच्या कंडरांना याहून गैरसोयीचा कोन शोधून सापडणार नाही. फास्टॅगमुळे टोलनाक्यावर काचेबाहेर हात ताणणे संपले, पण मॉलच्या पार्किंगचे तिकीट यंत्र अजून आहे. तिथे गाडी जवळ घेणे किंवा सरळ दार उघडणे कमीपणाचे मानू नये.

मनाचा ताणही खांद्यातच येऊन बसतो. मान आणि खांदा यांच्यामधला जाड स्नायू काळजीत, घाईत, रागात विनाकारण आखडतो. पावसाळ्यातल्या रात्री समोरच्या कंटेनरच्या मागे घाट उतरताना खांदे कुठे आहेत ते पाहावे. बहुतेक ते कानाजवळ सापडतील आणि चाकावरची मूठ आवळलेली असेल. प्रत्येक लाल सिग्नलला एकदा श्वास सोडत खांदे खाली टाकायचे, एवढी सवय पुरेशी आहे. पुण्यात सिग्नलांना तोटा नाही.

प्रवास लांबचा असेल तर दीड-दोन तासांनी थांबावे. खालापूरला थांबून वडापाव खाणारे पुष्कळ, पण खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. गाडीशेजारी उभे राहून खांदे मागे गोल फिरवावेत, पाठीवरची दोन्ही हाडे एकमेकांजवळ आणून पाच आकडे धरावीत, हनुवटी मागे घेत मान लांब करावी, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून छाती पुढे ताणावी. दहा-दहा वेळा. तीन मिनिटे लागतात.

आखडलेला खांदा

इथवरचे दुखणे सवयीचे. ते गाडीत वाढते, सुटीच्या दिवशी कमी होते, बैठक सुधारली की दोन-तीन आठवड्यांत उतरते. पण चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असेल तर, खांद्याचे एक वेगळे दुखणे याच वेषात येते आणि 'ड्रायव्हिंगमुळेच आहे' म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते. ते म्हणजे फ्रोझन शोल्डर, आखडलेला खांदा.

हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केले. या आजाराची व्याख्या आणि उपचार दोन्ही अवघड आहेत, हे त्यांनी तेव्हाच मान्य केले होते. यात सांध्याभोवतीचे पातळ आवरण सुजते, जाड होते आणि आकसते. ४० ते ६० या वयात, स्त्रियांत थोडे अधिक आणि थायरॉइडचे विकार असणाऱ्यांतही हा आजार जास्त दिसतो. मधुमेहींत तर त्याचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट असते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. म्हणजे हा काही दुर्मीळ आजार राहिलेला नाही.

सुरुवात रात्रीच्या ठणक्याने होते. त्या कुशीवर झोपता येत नाही. मग हालचाल कमी होत जाते. मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, ब्लाउजचे मागचे हूक लागत नाहीत. गाडीत पहिल्यांदा अडते ते सीटबेल्टसाठी हात मागे नेताना. ओळखण्याची एक साधी खूण आहे. दोन्ही कोपरे कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायची आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडायचे. एक हात मागे पडला आणि दुसऱ्या कुणी हळुवार वळवून पाहिला तरी तो तिथेच अडला, तर सांधा आखडल्याची शंका घ्यावी. कंडरेच्या दुखण्यात आपल्याला हात नेता आला नाही तरी दुसऱ्याने नेला तर तो बहुधा जातो.

हा आजार बहुतेकांत हळूहळू सुटतो, पण एक ते तीन वर्षे घेतो, आणि काहींचा खांदा पूर्वीइतका मोकळा होत नाही. ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे त्याच्यासाठी ही तीन वर्षे फार मोठी. म्हणून लवकर डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ आहे. पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात जोरजबरदस्तीने खांदा ताणणे उलटते. त्या वेळी ओणवे होऊन हात लंबकासारखा सैल झुलवण्याचा व्यायाम देतात, त्यालाही कॉडमन यांचेच नाव आहे. पुढे फिजिओथेरपिस्ट हालचाल वाढवत नेतो. काहींना सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. ते घेतल्यावर मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, हे आधीच ठाऊक असावे आणि ती तपासत राहावी. अचानक समोर आलेले जनावर चुकवण्यासाठी चाक झटकन फिरवता येत नसेल, तर त्या काळात गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. इतकी साधी गोष्ट कबूल करायला घरातल्या कर्त्या माणसाला फार जड जाते.

आणखी काही खुणा अशा, की त्यांत सीटचा संबंधच नसतो. दुखणे खांद्यातून बोटांपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील आणि हात डोक्यावर ठेवल्यावर बरे वाटत असेल, तर मूळ मानेतल्या मणक्यांत असण्याची शक्यता मोठी. तेलकट जेवणानंतर उजव्या खांद्याच्या टोकाशी दुखत असेल तर पित्ताशय तपासावे लागते. झटका बसल्यावर किंवा पडल्यावर हात वर उचलताच आला नाही तर कंडरा फाटलेली असू शकते.

आणि डावा खांदा. खांदा हलवला तरी दुखणे बदलत नाही, छातीवर दडपण आहे, जबड्यात किंवा दंडात कळ जाते आहे, दरदरून घाम फुटला आहे, दम लागतो आहे, यातले काहीही असेल तर ते हृदयाचे दुखणे समजूनच वागावे. मधुमेहींत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अशा वेळी 'पुढच्या नाक्यावर थांबू' असे म्हणायचे नाही. पार्किंग लाइट लावून गाडी कडेला घ्यायची आणि १०८ ला फोन करायचा. स्वतः चालवत रुग्णालय गाठण्याच्या प्रयत्नात स्वतःबरोबर रस्त्यावरच्या इतरांचाही जीव धोक्यात येतो.

हे सगळे घरच्या गाडीपुरते झाले. ज्यांचे आयुष्य चाकामागे जाते त्यांना सीट निवडण्याची मुभा फारशी नसते. शेअर रिक्षात शेजारी जास्तीचा प्रवासी घेतला, की चालक अर्ध्या सीटवर तिरका बसतो आणि हँडलचे दोन्ही हात एका बाजूला वळतात. दिवसातून वीस-पंचवीस फेऱ्या अशाच. बस आणि ट्रकचे चाक मोठे आणि आडवे, ते फिरवताना अख्खा हात खांद्यापासून फिरतो, त्यात सीटचे हादरे. बसचालकांत मान, खांदा आणि कमरेच्या तक्रारी जास्त असतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. खेप वेळेत पोहोचवण्याच्या घाईत हा अर्धा तास किती जणांच्या वाट्याला आला, हे धाब्यावर चहाचा ग्लास उभ्याउभ्या संपवणाऱ्या चालकांना विचारावे.

रोज वेगळी गाडी हाती येणाऱ्यांनी, मग ते आगारातून बस घेणारे असोत की मालकाची गाडी चालवणारे, निघण्याआधीची दोन मिनिटे सीटला द्यावीत. आणि एकच गाडी नवरा-बायको दोघे चालवत असतील, तर आपली सीट किती खटके मागे आणि पाठ किती खटके उभी, हे दोघांनी मोजून ठेवावे. सर्व्हिसिंगहून आलेली गाडी तर हमखास दुसऱ्याच्या मापाची झालेली असते.